भामाच्या जागी टेबल

टेबल सॉच्या उजव्या अंगाची जागा भामाची, हे घरात कुणी ठरवलं नव्हतं. बळीराम तळोज्याच्या एका कारखान्यातून फिटर म्हणून निवृत्त झाला, आणि घरात बसून बायकोचं डोकं खाण्यापेक्षा बरं म्हणून त्यानं सुतारकामाचं हे मशीन आणलं. करंजाड्याच्या घराखाली, जिथं मुलाची, मितेशची, गाडी लागायची, तिथं ते मांडलं. गाडी बाहेर रस्त्यावर गेली ती गेलीच. मशीन म्हणजे एक बिडाचं जड टेबल आणि त्याच्या मधल्या चिरेतून वर आलेलं गोल पातं. फळी समोरून ढकलायची, पातं ती चिरत जातं. लहान फळीला एक माणूस पुरतो. पण प्लायवूडची अख्खी शीट घातली की तिचं उजवं अंग टेबलाच्या बाहेर लोंबतं, आणि ते पेलायला दुसरं माणूस लागतं. पहिल्याच दिवशी बळीरामानं जिन्याकडं तोंड करून हाक मारली. भामा पदराला हात पुसत खाली आली, काही न विचारता उजवीकडं जाऊन उभी राहिली, आणि तेव्हापासून ती जागा तिची झाली.

दोघंही मिठागरावरची पोरं. आता जिथं टॉवर उभे आहेत आणि ज्यांच्या डोक्यावरून विमानं उतरायला लागली आहेत, तिथं बळीरामाच्या लहानपणी खाडीचं पाणी आत घेऊन मीठ पिकवायचे. भामा उरणकडच्या गावातली, तिच्याकडंही तेच. मिठानं भरलेली टोपली एकाच्या डोक्यावरून दुसऱ्याच्या डोक्यावर जायची तेव्हा एक नियम असायचा. घेणाऱ्यानं तोंडानं ‘धरली’ म्हणेपर्यंत देणाऱ्यानं सोडायची नाही. समोरच्यानं हात लावलेले दिसतायत, म्हणून सोडायची असं नाही. डोळ्यांत घाम असतो, ऊन असतं, मिठाची चकाकी असते, तिथं डोळ्यांचं कोण ऐकतो? कानानं ऐकायचं आणि मगच हात मोकळे करायचे. हा नियम मोडला तर मुकादम ओरडायच्या आधी स्वतःची आईच पाठीत धपाटा घालायची.

तीच रीत मशीनवर आली. बळीराम शीट ढकलत न्यायचा, शेवटचा वीतभर भाग राहिला की हात थांबवायचा. भामा उजवीकडून म्हणायची, “धरली.” मग तो उरलेलं ढकलायचा आणि सोडायचा. कापलेला तुकडा खाली पडला नाही, तिरका झाला नाही, कधी काही झालं नाही. आणि त्यानं कधी मान वळवून तिच्याकडं पाहिलंही नाही. पाहायचं कशाला? बायको धरली म्हणाली म्हणजे धरली.

मग भामा विसरायला लागली.

आधी चहात मीठ पडलं, ते हसण्यावारी गेलं. मग किल्ल्या तांदळाच्या डब्यात सापडायला लागल्या. एकदा संध्याकाळी ती दारात येऊन बसली आणि त्यालाच विचारलं, “आमचं बळीराम कवा येनार वो?” पनवेलच्या डॉक्टरनं आजाराचं नाव सांगितलं, मितेशनं ते मोबाईलवर शोधून रात्रभर वाचलं. बळीरामानं ते नाव लक्षातच ठेवलं नाही. नाव पाठ करून तिची वेणी थोडीच घालून होणार होती? वेणी त्यालाच घालावी लागायची, आंघोळ त्यालाच घालावी लागायची, आणि ती पाणी अंगावर घेताना पोरीसारखी रडायची तेव्हा समजूतही त्यालाच काढावी लागायची. सून रंजिता शाळेत शिकवायची. ती सकाळचं सगळं आवरून जायची आणि दुपारी थकून यायची. तिला नावं ठेवायला जागा नव्हती. मितेश बिचारा उरणच्या बंदराकडं एका कंटेनर यार्डात कामाला, त्याचे पाय घरात फक्त झोपेपुरते असायचे. म्हणजे दिवस होता तो बळीरामाचा आणि भामाचा, आणि तो दिवस काही केल्या संपत नसे.

त्यातल्या त्यात खालचे दोन तास बरे जायचे. खाली लाकडाचा वास असायचा, हाताला काम असायचं. भामाही मशीनपाशी उभी राहिली की शांत व्हायची. वर ती दार उघडून जिना उतरायची, “मिठावर जायचं हाय, उशीर झाला” म्हणत रस्त्याला लागायची. खाली ती कुठं जात नसे, कारण तिच्या मते ती कामावरच होती.

आणि मग ते झालं. रंजिताच्या स्वयंपाकघरातल्या कपाटासाठी शीट कापायची होती. बळीरामानं ती ढकलत नेली, शेवटच्या वितीला हात थांबवला. उजवीकडून आवाज आला, “धरली.” त्यानं ढकललं आणि सोडलं. भामाचे दोन्ही हात कमरेवर होते. तिनं शब्द तेवढा उच्चारला होता, फळीला हातसुद्धा लावला नव्हता. कापलेला तुकडा तिरका झाला, पात्यात अडकला, आणि पात्यानं तो असा भिरकावला की बळीरामाच्या बरगडीत येऊन बसला. बळीराम खाली बसला तो उठेचना. भामा कानांवर हात ठेवून भिंतीला चिकटली आणि ओरडत राहिली. वरून रंजिता धावत आली, तिनं मशीन बंद केलं. 

बरगडी मोडली नाही, पण काळीनिळी झाली, आणि खोकला आला की बळीरामाला पूर्वज आठवायचे. मितेश त्या दिवशी लवकर घरी आला. तो ओरडणाऱ्यांतला नव्हे, तेच वाईट. ओरडणाऱ्याशी भांडता तरी येतं.

“पप्पा, हे मशीन आता काढूया,” तो म्हणाला. “रोडपालीचा निकेश आहे ना, इंटिरियरची कामं घेतो तो, त्याला पाहिजे. रविवारी येऊन बघतो बोललाय.”

“आन् मी काय करू दिवसभर?”

“आईजवळ बसा ना.”

 आईजवळ बसणं म्हणजे काय असतं ते या मुलाला कुणी सांगायचं? वरच्या खोलीत सकाळपासून संध्याकाळपर्यंत तेच प्रश्न, तीच उत्तरं, आणि मध्येच दाराची कडी वाजली की धावणं. बळीरामाला भामाचा कंटाळा आला होता का? आला होता. तो स्वतःशी ते नाकारत नसे. पण खालचे दोन तास असेपर्यंत त्या कंटाळ्याला बांध होता. तो बांध फुटला तर आपण तिला एखाद्या दिवशी मारू, अशी त्याला भीती वाटायची, आणि ती भीती तो कुणाला बोलून दाखवू शकत नव्हता.

“एकट्याला कापता आली शीट, कुनाची मदत न घेता, तर?” त्यानं शेवटी विचारलं.

“अख्खी शीट?”

“अख्खी.”

मितेशनं त्याच्या बरगडीकडं पाहिलं. “माझ्यासमोर कापून दाखवा रविवारी. आईनं हात लावायचा नाही. जमलं तर निकेशला मी नाही सांगतो.” मग जरा थांबून म्हणाला, “नाय जमलं तर मात्र वाद नको, पप्पा.”

उपाय बळीरामाच्या डोक्यात आधीपासून होता. मोबाईलवर कुणी परदेशी म्हातारा असली कामं करून दाखवायचा, ते त्यानं बघून ठेवलं होतं. मशीनच्या उजव्या अंगाला, त्याच उंचीचं, बेताचं रुंद असं दुसरं टेबल जोडायचं. शीटचं लोंबणारं अंग त्याच्यावर टेकेल. आणि नुसतं टेबल कशाला, त्याच्या मध्ये भोक पाडून खालून राऊटर उलटा टांगायचा. राऊटर म्हणजे कडा गोल करायचं, खाचा पाडायचं हातातलं मोटारीचं यंत्र. ते त्याच्याकडं होतंच, पण बरगडी दुखायला लागल्यापासून हातात पेलवत नव्हतं. उलटं टांगलं की यंत्र जागेवर राहतं आणि माणसानं फक्त लाकूड सरकवायचं. एका टेबलात दोन्ही गरजा भागत होत्या, आणि दोन्ही गरजा एकट्या माणसाच्या होत्या.

टेबल मशीनला जोडायचे लोखंडी अँगल आणायला तो कळंबोलीला गेला तो भामाला घेऊनच, कारण तिला ठेवणार कुणाकडं? रिक्षात ती नवी साडी नेसल्यासारखी ताठ बसली होती. “कुनाचं लगीन हाय?” असं तिनं खांदा कॉलनीपाशी विचारलं, पुलावर विचारलं आणि लोखंड बाजारात उतरताना पुन्हा विचारलं. तिसऱ्यांदा बळीराम म्हणाला, “तुझंच हाय, चल.” ती लाजली. रिक्षावाला मान वळवून बघायला लागला, तेव्हा बळीरामाला बऱ्याच दिवसांनी खरंखुरं हसू आलं आणि त्या हसण्यानं बरगडीत कळ गेली.

टेबलाचा वरचा भाग त्यानं जाड प्लायचा केला आणि त्यावर पांढरा सनमायका चिकटवला, म्हणजे शीट घसरत जाईल. राऊटरसाठी चौकोनी भोक पाडलं, पटाशीनं त्याच्या कडा साफ केल्या. भामा प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून हे सगळं बघत होती. तिला त्यानं एक लाकडाचा तुकडा आणि पॉलिशपेपर दिला होता. ती तो तुकडा घासत राहायची, गुळगुळीत झाला तरी घासत राहायची, आणि मध्येच उठून त्याला दाखवायची. “चांगला झाला,” असं तो दर वेळी म्हणायचा. पहिल्यांदा मनापासून म्हणाला, नंतर नंतर वर न बघताच म्हणायला लागला.

टेबल मशीनला लावून बघायचं म्हणून त्यानं ते उचलून उजव्या अंगाला नेलं आणि खाली फळ्यांचा आधार दिला. वळला तर भामा उठून आलेली. ती नेहमीच्या जागेपाशी आली, आणि तिथं जागाच नव्हती. तिनं टेबलाला वळसा घातला, तर पलीकडं भिंत. परत फिरून पुढं आली. दोन्ही हात पुढं करून, पंजे वर करून, टेबलाच्या कडेशी ती नुसतीच उभी राहिली.

“मी कुठं उभी राऊ?” तिनं विचारलं.

 “तू बस आता,” बळीराम म्हणाला. “लय वरसं उभी राहिलीस.”

ती बसली नाही. बराच वेळ तशीच उभी राहिली. तो खाली वाकून अँगलला भोकं पाडत राहिला, कारण वर बघितलं असतं तर त्याच्यानं ते काम झालं नसतं.

खरी अडचण पातळीची होती. नवं टेबल जुन्याच्या अगदी बरोबरीत बसायला हवं. केसभर उंच राहिलं तर शीट सांध्यावर अडणार, केसभर खाली राहिलं तर शीट झुकणार आणि पात्यात अडकणार. उंची खालच्या नटांनी कमीजास्त करायची, आणि ती बरोबर झाली की नाही हे वरून बोट फिरवून कळायचं. म्हणजे एक माणूस खाली आणि एक वर. एकट्यानं काम करता यावं म्हणून जे टेबल करायचं, ते बसवायलाच दोघं लागत होती. बळीराम खाली उताणा पडून पाना हातात घेऊन त्या नटाकडं बघत राहिला. त्याला इतका थकवा आला की तिथंच झोप लागली असती.

“भामा,” त्यानं हाक मारली. “हितं ये. या सांध्यावर बोट फिरव. उंच लागतंय का खाली लागतंय ते सांग.”

तिनं बोट फिरवलं. “उंच हाय.”

त्यानं नट फिरवला. “आता?”

“अजून उंच हाय.”

त्यानं पुन्हा फिरवला. जरा बरं वाटलं. दोघं पुन्हा कामाला लागली होती, एक खाली आणि एक वर. “आता?”

“बरोबर हाय.”

त्यानं नट आवळला, दुसरा आवळला, तिसरा आवळला. बरगडी सांभाळत, गुडघ्यावर हात टेकत तो बाहेर आला. भामा टेबलापाशी नव्हतीच. ती गेटजवळ उभी राहून रस्त्यावरच्या कुत्र्याशी बोलत होती. सांध्यावर त्यानं बोट ठेवलं. नवं टेबल चांगलं नखभर खाली गेलं होतं.

मग त्याचा तोल गेला. “बरोबर हाय म्हणून सांगतंस?” तो ओरडला. “हात लावला तरी व्हतास का? तवा पन तसंच! नुसती धरली, धरली, धरली! हातात काय नाय आन् तोंडानं धरली! मला मारनार व्हतीस तू!”

समोरच्या इमारतीतली बाई गॅलरीत आली. भामानं त्याच्याकडं पाहिलं. तिला शब्द कळले की नाहीत कोण जाणे, पण आवाज कळला. ती भिंतीच्या कडेकडेनं जाऊन खुर्चीवर बसली, पदर तोंडाशी घेतला आणि मान खाली घातली. बळीरामाला लगेच लाज वाटली.  त्यानं पाना उचलला आणि पुन्हा टेबलाखाली शिरला.

त्या दिवसापासून भामा बोलेना. प्रश्न थांबले. कुणाचं लगीन नाही, मिठावर जायचं नाही, बळीराम कवा येणार नाही. ज्या प्रश्नांनी त्याचं डोकं पिकलं होतं ते बंद झाले, तर घर त्याला खायला उठलं. त्यानं तिला जिलेबी आणून दिली. ती तिनं खाल्ली आणि बोटं चाटली, पण बोलली नाही. रंजितानं विचारलं, “पप्पा, आईंना काही झालंय का?” तो म्हणाला, “मी वरडलो.”  तिनं त्याच्यासाठी चहा टाकला, आणि त्यामुळं त्याला अधिकच वाईट वाटलं.

टेबल त्यानं एकट्यानंच बसवलं. दोन सरळ पट्ट्या जुन्या टेबलावर आडव्या ठेवून शिकंज्यांनी घट्ट आवळल्या, त्यांची टोकं नव्या टेबलाच्या जागेवर बाहेर काढली, आणि नवं टेबल खालून वर उचलून त्या पट्ट्यांनाच आवळून टाकलं. पट्ट्या सरळ, म्हणजे दोन्ही टेबलं आपोआप बरोबरीत. वर माणूस लागतच नव्हतं. हे आधी सुचलं असतं तर तो ओरडला नसता, पण आधी सुचलं नव्हतं. अँगल आणि मशीनचं बीड यांच्यामध्ये बारीक फट राहिली होती, तिच्यात घालायला कागद हवा होता. पनवेलमध्ये कुणाच्याही घरात लग्नपत्रिकांचा तुटवडा नसतो. त्यानं गठ्ठ्यातल्या जाडजूड, सोनेरी छपाईच्या पत्रिका निवडल्या, कापून पट्ट्या केल्या आणि फटीत सरकवल्या. कुणा भाच्याची, कुणा मेव्हण्याच्या पोरीची लग्नं त्या टेबलाला आधार देऊन बसली. राऊटर खाली टांगला, चालवून बघितला, एका तुकड्याची कड गोल करून बघितली. काम सुरेख झालं होतं. तो तुकडा त्यानं भामाला दाखवला. तिनं हातात घेतला, कडेवरून बोट फिरवलं आणि परत दिला.

रविवार उजाडला. मितेश आंघोळ करून खाली आला. निकेश दुपारी जेवणाआधी येणार होता. भिंतीला टेकवलेली, अर्धी राहिलेली ती कपाटाची शीट होती, तिच्याऐवजी बळीरामानं मुद्दाम नवी अख्खी शीट घेतली. मितेश नुसता हात लावायला पुढं झाला तर त्यालाही त्यानं मागं सारलं. शीटची एक कड टेबलावर टेकवून, मग मागून उचलून, बरगडीतून कळ निघेपर्यंत दम धरून त्यानं ती एकट्यानं वर चढवली. राऊटरचं पातं खाली उतरवून ठेवलं होतं. भामाची खुर्ची मितेशनं लांब, गेटपाशी ठेवली होती, आणि तिच्या खांद्यावर हात ठेवून रंजिता मागं उभी होती.

“हळू करा, पप्पा,” रंजिता म्हणाली.

बळीरामानं बटण दाबलं. पातं गरगरलं. त्यानं शीट ढकलली, आणि ती चालली. उजवं अंग पांढऱ्या सनमायकावरून सरकत निघालं. लोंबलं नाही, सांध्यावर अडलं नाही, कुठं झुकलं नाही. भुसा उडत होता, आवाज एकसारखा येत होता, आणि बळीरामाला मनातल्या मनात वाटलं, जमलं. मितेशही मान हलवत होता.

शेवटची वीत राहिली. बळीरामाचे हात थांबले.

त्यानं थांबवले नव्हते. ते आपोआप थांबले. डोळ्यांना उजवीकडचं टेबल स्वच्छ दिसत होतं. ते त्यानं स्वतः केलं होतं, त्याच्या नटावर त्याचा घाम सांडला होता, त्याला लग्नपत्रिका लावल्या होत्या. तुकडा पडणार नव्हता, पडूच शकत नव्हता. नुसतं ढकलायचं होतं. पण दहा वर्षांचा असल्यापासून हातांना जे शिकवलं होतं ते डोळ्यांच्या सांगण्यानं बदलेना. ते वाट बघत होते. पातं एकाच जागी फिरत राहिलं आणि प्लाय जळल्याचा वास सुटला.

“पप्पा, ढकला!” मितेश ओरडला. “काय झालं? ढकला ना!”

 मितेश बटणाकडं धावला. निकेश येणार, मशीन जाणार, आणि ते योग्यच होतं, असंही बळीरामाला त्या क्षणी वाटून गेलं.

“धरली.”

आवाज गेटकडून आला. मोठा नव्हता. नेहमीचाच होता, मशीनच्या वरून बरोबर कानापर्यंत पोचणारा.

बळीरामानं ढकललं आणि सोडलं. शीटचे दोन भाग झाले. उजवा भाग सनमायकावर जरासा घसरला आणि थांबला. मितेशनं बटण बंद केलं. पातं हळूहळू मंदावत गेलं आणि मग रस्त्यावरच्या भाजीवाल्याची हाक ऐकू आली.

मितेश कापलेल्या कडेपाशी गेला. शेवटी जिथं हात थांबले होते तिथं काळा डाग पडला होता, बाकी रेघ सरळ होती. त्यानं बापाकडं पाहिलं, आईकडं पाहिलं. “जमलं की एकट्याला,” तो म्हणाला. 

“एकट्याला नाय जमलं,” बळीराम म्हणाला. खोटं बोलायची ताकद त्याच्यात उरली नव्हती. “तुला पायजे तर निकेशला येऊ दे.”

 खिशातून मोबाईल काढत मितेश गेटच्या बाहेर गेला. “निकेश, अरे नको येऊस,” एवढं सगळ्यांना ऐकू आलं. “नाय रे, नाय विकायचंय. घरात लागतं ते.”

बळीरामानं तोंडावरचा भुसा पुसला आणि भामाकडं गेला. ती खुर्चीवर बसलेली होती. तिचे दोन्ही हात समोर होते, पंजे वर, कोपरं जरा वाकलेली. हातांत काही नव्हतं. ती अजून पेलूनच होती.

“वो,” ती म्हणाली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्याच्याशी बोलली. “जड हाय वो. मी कुठं ठेवू?”

रंजितानं तोंड फिरवलं. बळीराम बरगडी सांभाळत तिच्यासमोर खाली बसला. काहीतरी समजावून सांगावं, हातात काही नाही म्हणावं, असं त्याच्या मनात आलं, पण ते त्यानं जाऊ दिलं. त्यानं आपले दोन्ही हात तिच्या हातांखाली नेले, पंजे वर केले आणि भार घेतल्यासारखे जरा खाली दबू दिले.

“धरली,” तो म्हणाला.

भामानं त्याच्या तोंडाकडं नीट पाहिलं. मग हात सोडले. ते तिच्या मांडीवर येऊन पडले आणि तिनं मोठा श्वास टाकला.

“दमले मी,” ती म्हणाली.

“मी पन,” बळीराम म्हणाला, आणि तिच्या खुर्चीला पाठ लावून भुशातच बसला.